त्वचेच्या तक्रारी आणि वनस्पतींची सुगंधी तेले : वापर व सावधगिरी

त्वचेच्या लहानसहान तक्रारींवर औषधी वनस्पतींचे तेल लावण्याची रीत आपल्या घरांतून फार जुनी आहे. खरजेला करंजाचे तेल, डोक्यातील उवांना कडुनिंबाचे, अंगाच्या भेगांना खोबरेल, ही नावे आपल्या आज्यांना तोंडपाठ असत. अलीकडे त्यांत एका निराळ्या प्रकारच्या तेलांची भर पडली आहे. दहा-पंधरा मिलिलिटरच्या गडद रंगाच्या बाटलीतून निलगिरी, लवंग, गवती चहा, पुदिना, टी ट्री, लॅव्हेंडर अशी तेले औषधांच्या दुकानांत, प्रदर्शनांत आणि मोबाइलवरून मागणी नोंदवून घरपोचसुद्धा मिळू लागली आहेत. बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे छापलेले असते. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी आणि घरातील भगिनी मुरुमांवर, नायट्यावर, खाजेवर ती सरळ बोटाने लावतात, आणि काही दिवसांनी मूळ तक्रारीपेक्षा मोठी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जातात. अशी उदाहरणे आम्ही आरोग्य शिबिरांतून वारंवार पाहिली आहेत. म्हणून या तेलांचा उपयोग कोठे आहे, कोठे नाही, आणि ती वापरायचीच असतील तर कशी वापरावीत, याची माहिती सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यासाठी प्रस्तुत लेखात देत आहोत.

तेल आणि तेल यांतील फरक

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. खोबरेल, तिळाचे तेल, करंजेल, कडुनिंबाचे तेल ही स्निग्ध तेले होत. ती बिया किंवा गर दाबून, म्हणजे घाण्यातून काढतात. निलगिरी, लवंग, गवती चहा यांची तेले मात्र वेगळ्या जातीची आहेत. त्यांना शास्त्रीय मराठीत बाष्पनशील तेले म्हणतात, कारण ती हवेत उडून जातात. विद्यार्थ्यांना हा फरक घरच्या घरी पाहता येईल. कोऱ्या कागदावर एका बाजूस खोबरेलाचा आणि दुसऱ्या बाजूस निलगिरी तेलाचा थेंब टाकावा व कागद दिवसभर ठेवून द्यावा. खोबरेलाचा डाग तसाच राहतो. निलगिरीचा डाग उडून जातो. तेथे तेलकट डाग राहिलाच तर बाटलीत दुसरे एखादे तेल मिसळलेले असण्याचा संभव आहे.

बाष्पनशील तेल बहुधा वाफेने काढतात. पाने, फुले किंवा साल मोठ्या भांड्यात भरून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये बाहेर पडतात. ती वाफ नळीतून नेऊन थंड केली म्हणजे पाणी आणि तेल वेगळे होतात व वर तरंगणारे तेल काढून घेतात. गुलाबजल हे याच क्रियेत निघणारे पाणी होय. या रीतीने हाती येणारे तेल फार थोडे असते. गवती चहाच्या शंभर किलो हिरव्या पाल्यातून साधारणपणे अर्धा किलोच्या आतच तेल मिळते. याचा अर्थ असा की, चहाचा एक चमचा तेल म्हणजे किलो-दीड किलो गवती चहा. आपण चहात दोन पाती टाकतो. ती पाती निरुपद्रवी आहेत म्हणून तिचे तेलही निरुपद्रवी असेल असे मानणे किती चुकीचे आहे, हे या हिशोबावरून लक्षात यावे.

शाळेत सहज करून दाखविण्याजोगा दुसरा प्रयोग सांगतो. नागपुरी संत्र्याची ताजी साल फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ धरून जोराने दुमडावी. सालीतून बारीक फवारा उडतो आणि बहुतेक वेळा फुगा फटकन फुटतो. सालीतील तेलाने रबर विरघळते. निर्भेळ बाष्पनशील तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नये ते याच कारणासाठी. जे द्रव्य रबराचे असे करते ते त्वचेवर, विशेषतः आधीच सोललेल्या किंवा खाजवून कातडी गेलेल्या त्वचेवर, निर्भेळ लावताना विचार केला पाहिजे.

'झाडपाल्याचे औषध आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ज्यांनी बिब्बा उतल्याचे पाहिले आहे त्यांनी तरी हे म्हणू नये. बिब्बाही झाडाचाच, आणि त्याच्या तेलाने अंगावर टरारून फोड येतात. कोडावर लावण्याच्या बावचीचेही तसेच. ती लावून उन्हात जास्त वेळ बसल्यास कातडी भाजून निघते.

आधी तक्रार ओळखावी

आमच्या मते सर्वांत मोठा धोका जळजळीचा नाही, वेळ वाया जाण्याचा आहे. तेलाच्या वासाने बरे वाटते, थंडावा येतो, खाज तासभर थांबते, आणि मूळ रोग आत वाढत राहतो.

खरूज घ्या. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ, आणि घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास, ही तिची खूण. ती एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते. डॉक्टर देतील ते मलम घरातील सर्व माणसांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी लावावे लागते आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावावे लागते. एकट्याने निलगिरी तेल चोळून खरूज घरातून जात नाही. वसतिगृहात तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते.

गजकर्ण, म्हणजे नायटा, हा बुरशीचा रोग. जांघेत, कमरेवर, कडेने लाल आणि मध्ये निवळत जाणारी वर्तुळे दिसतात. यावर औषध आठवड्याआठवड्यांनी मोजून, पुरेसे दिवस घ्यावे लागते. (दुकानदाराने हातात ठेवलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावून गजकर्ण चिवट करून घेणाऱ्यांची संख्या अलीकडे आपल्या देशात फारच वाढली आहे. हा या लेखाचा विषय नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.) छातीपाठीवर येणारी शिबेसुद्धा बुरशीचीच असतात, आणि ही बुरशी स्निग्ध पदार्थांवर वाढते. त्यामुळे शिब्यांवर खोबरेलात मिसळून कोणतेही सुगंधी तेल चोळणे म्हणजे बुरशीला जेवण वाढणे होय. डोक्यात कोंडा फार असेल तर तेथेही हे लक्षात ठेवावे.

आता ज्या चट्ट्याविषयी विशेष सांगावयाचे आहे तो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज नाही, दुखत नाही, घाम कमी येतो, तेथील केस विरळ झाले आहेत, अशा वेळी एक सोपी परीक्षा करावी. त्या व्यक्तीने डोळे मिटावेत. दुसऱ्याने कापसाच्या वातीचे टोक कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या चांगल्या त्वचेवर हलकेच टेकवावे आणि स्पर्श झाला त्या जागी बोट ठेवायला सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोगाचा चट्टा असण्याची शक्यता धरून त्याच आठवड्यात सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. स्पर्श कळला तरीही चट्टा महिन्यामागून महिने तसाच असेल तर दाखवून यावे, कारण सुरुवातीला बधिरता पूर्ण नसतेही. भारताने २००५ साली राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे ठरवलेले प्रमाण गाठले, याचा अर्थ रोग संपला असा नव्हे. त्यानंतरही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत. बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र हातापायांच्या नसा जातात, आणि गेलेली नस औषधाने परत येईलच असे नाही.

अशा बधिर चट्ट्यावर निर्भेळ लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल लावल्यास दुहेरी नुकसान होते. कातडी पोळते आणि पोळल्याचे कळत नाही. एका शिबिरात एका गृहस्थांनी 'किती दिवस लावतो आहे, कधी झोंबले नाही, म्हणजे मानवले' असे सांगितले होते. त्यांचे ते न झोंबणे हेच रोगाचे लक्षण होते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनीही ही तेले पायांना लावू नयेत.

येथे काही वाचक म्हणतील की, पूर्वी या रोगावर तेलाचाच उपचार होता. ते खरे आहे. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळणाऱ्या कडूकवठाचे आणि त्याच्या जातभाई चौलमुग्राचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरीत. ते स्निग्ध तेल होते, बाष्पनशील नव्हे. पोटात घेतल्यास ओकारी येई, टोचल्यास गाठी होत, आणि फायदा अनिश्चित. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि कडूकवठ मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तेव्हा जुन्या तेलाचे नाव घेऊन आजचा उपचार टाळण्यास काहीच आधार उरत नाही.

मग उपयोग कोठे?

एवढे वाचून ही तेले टाकाऊच आहेत असा ग्रह होऊ नये. किरकोळ मुरुमे, पावसाळ्यातील सौम्य चिखल्या, अंगाचा जडपणा यांसाठी ती बेताने वापरण्यास हरकत नाही.

यांत चांगला अभ्यास झालेले तेल म्हणजे टी ट्री. नावात 'टी' असले तरी चहाच्या झाडाशी याचा संबंध नाही. ते ऑस्ट्रेलियातील एका निराळ्याच झाडाच्या पानांचे तेल आहे. सिडनीचे रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात त्याचे जंतुनाशक गुण प्रथम मांडले. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ मुरुमांच्या रुग्णांवर तुलना करण्यात आली. काहींना ५ टक्के टी ट्रीचा लेप, काहींना मुरुमांवरचे नेहमीचे बेंझॉइल पेरॉक्साइड ५ टक्के. दोहोंनी मुरुमे कमी झाली. टी ट्रीचा गुण सावकाश आला, पण त्वचेला त्रासही कमी झाला. यातून घेण्याजोगी गोष्ट ही की, लेप ५ टक्क्यांचा होता. बाटलीतील तेल शंभर टक्क्यांचे असते.

लॅव्हेंडरविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ गॅटफॉसे यांचे हात १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले, जखमा सडू लागल्या आणि लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्यावर ते थांबले, असे त्यांनी स्वतः १९३७ साली आपल्या पुस्तकात लिहिले आहे. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज भाजलेल्या जागेवर कोणतेही तेल लावू नये. वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली जागा धरावी आणि दवाखान्यात जावे.

आपल्याकडचे म्हणावे असे तेल रोशा गवताचे. खानदेशच्या रानांतून पूर्वी ते मोठ्या प्रमाणावर काढीत आणि मुंबई बंदरातून परदेशी जाई. तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासही ते वापरीत, इतका त्याचा वास गुलाबाच्या जवळचा आहे. ते त्वचेला त्यामानाने सौम्य असते. गवती चहाच्या तेलात बुरशीविरोधी गुण आहे, पण त्यातील सिट्रल नावाचे द्रव्य अनेकांना झोंबते. लवंग तेल दातासाठी प्रसिद्ध आहे, त्वचेसाठी फार तीव्र. दालचिनीच्या सालीचे तेल त्वचेवर लावूच नये. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात व अमृतधारा तयार होते, हे अनेकांनी घरी पाहिले असेल. तीही तितकीच तीव्र असते. डास चावलेल्या जागी ती लावतानाही तेलात मिसळूनच लावावी. इसब, सोरायसिस यांवर मात्र घरगुती प्रयोग नकोत, कारण तेथे त्वचेचा बांध आधीच फुटलेला असतो.

थेंबांचा हिशोब

साधारणतः २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर धरतात. चहाचा एक चमचा ५ मिलिलिटरचा. तेव्हा चहाच्या एका चमच्याभर खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात एक थेंब सुगंधी तेल मिसळले की १ टक्क्याचे मिश्रण होते. हे प्रमाण कोणीही लक्षात ठेवावे: चमच्याला थेंब. अंगावर लावण्यास एवढे पुरे. चेहऱ्यासाठी आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी दोन चमच्यांना एक थेंब, म्हणजे अर्धा टक्का. लवंग तेलही याहून जास्त घेऊ नये. टी ट्रीचे ५ टक्के म्हणजे चमच्याला पाच थेंब होतात, आणि तेही मुरुमापुरतेच, सबंध चेहऱ्यावर नव्हे. मुरुमांच्या तेलकट चेहऱ्यावर खोबरेलात मिसळून लावणेही बरे नाही. त्यापेक्षा ५ टक्के असे छापलेला तयार लेप घ्यावा.

दुधात, पाण्यात किंवा गुलाबजलात थेंब टाकून मिश्रण होत नाही. आंघोळीच्या बादलीत निलगिरीचे चार थेंब टाकण्याची सवय पुष्कळांना आहे. तेल पाण्यावर तरंगते, आणि तांब्याने अंगावर ओतताना निर्भेळ थेंबच नेमका त्वचेला, कधी डोळ्याला किंवा नाजूक जागी लागतो. बादलीत टाकणे सोडून द्यावे हे उत्तम.

नवे तेल वापरण्यापूर्वी त्याचे पातळ केलेले मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावून चार दिवस पाहावे. एका दिवसात भागत नाही. ॲलर्जीची खाज बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. एकदा शरीराने एखाद्या द्रव्याशी वैर धरले की ते बहुधा आयुष्यभर टिकते, आणि तेच द्रव्य पुढे साबणात, अत्तरात, टूथपेस्टमध्ये भेटले तरी अंग उठते.

जुने तेलही असेच त्रास देते. हवा लागून लिंबू-संत्र्याच्या, टी ट्रीच्या व लॅव्हेंडरच्या तेलातील घटक बदलतात आणि बदललेले घटक ॲलर्जी जास्त करतात. बाटली उघडल्याची तारीख लेबलावर पेनाने लिहावी, बूच घट्ट लावावे, अंधारात व गार जागी ठेवावी. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल अंगाला लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात, फोडही येतात. सरबतासाठी लिंबे पिळून तसेच उन्हात बसणाऱ्यांच्या हातावर हे डाग दिसतात. वाफेने काढलेल्या लिंबू तेलाने हा त्रास बहुधा होत नाही, पण बाटलीवर कोणत्या रीतीने काढले ते बहुधा लिहिलेले नसते. तेव्हा उन्हात जाण्यापूर्वी लिंबूवर्गीय तेल नकोच.

खरेदीबाबत थोडेसेच. काचेची गडद बाटली, वनस्पतीचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि औषध म्हणून विकले जात असल्यास परवाना क्रमांक पाहावा. उदबत्ती व दिवाणखान्यातील सुवासासाठी विकली जाणारी तेले पुष्कळदा कृत्रिम असतात. ती त्वचेसाठी नव्हेत. शंभर रुपयांत मिळणारे चंदनाचे तेल चंदनाचे नसते, हे सांगण्याची गरज नसावी.

लहान मुले व इतर

दोन वर्षांखालील मुलांना ही तेले लावू नयेत. सर्दी झाली म्हणून निलगिरी, पुदिना किंवा कापूर बाळाच्या नाकाखाली किंवा छातीवर चोळण्याची पद्धत घातक आहे. श्वास अडकू शकतो. कापूर त्वचेतूनही शरीरात शिरतो आणि पोटात गेल्यास मुलाला झटके येतात. अशा घटनांमुळेच अमेरिकेत १९८० च्या दशकात कापराच्या तेलावर बंदी आली आणि मलमांतील कापूर ११ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती वापरू नयेत. दिव्याजवळ, शेगडीजवळ ही बाटली उघडू नये. निलगिरीचे तेल चटकन पेट घेते.

अपघात झाल्यास

त्वचेवर निर्भेळ तेल सांडून आग होऊ लागल्यास नुसत्या पाण्याने ते निघत नाही. कापडाने टिपून घ्यावे, त्यावर खोबरेल चोळून पुसावे आणि मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे सतत पाण्याची धार सोडावी व डॉक्टरांकडे जावे.

मुलाने तेल प्यायल्यास उलटी काढू नये. मीठपाणी देऊ नये, घशात बोट घालू नये, कारण उलटीतील तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. निलगिरीचे चहाच्या चमच्याएवढे तेलही लहान मुलाला ग्लानी आणण्यास पुरेसे असते. मूल हसत-खेळत दिसले तरी थांबू नये, कारण लक्षणे अर्ध्या-एक तासानेही येतात. तसेच उचलून जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि बाटली बरोबर घ्यावी, म्हणजे काय व किती पोटात गेले ते डॉक्टरांना लेबलावरून आणि उरलेल्या तेलावरून कळेल.